आधी डोळे, मग कागद, पैसे सगळ्यांत शेवटी

रात्रीच्या समुद्रात समोर लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकाच वेळी दिसले, तर त्याचा अर्थ एकच असतो. समोरचे जहाज थेट आपल्या अंगावर येत आहे. नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, नुसता हिरवा दिसला तर उजवी. जगातल्या प्रत्येक जहाजाचे दिवे याच रीतीने लावलेले असतात. ते सर्वांत आधी टिपणारा माणूस बहुतेक वेळा कप्तान नसतो. तो असतो ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या जागी, पहाऱ्याला उभा असलेला खलाशी. शिक्षण दहावी, प्रशिक्षण सहा महिन्यांचे, आणि लाल-हिरव्यात कधीही गफलत न करणारी नजर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या मुलाला हे कुणी सांगत नाही. त्याच्या मोबाईलवर येते ती जाहिरात: दहावी पास, मर्चंट नेव्ही, लाखात पगार, मोजक्याच जागा, आजच नोंदणी करा. पांढऱ्या गणवेशातला एक तरुण, मागे निळा समुद्र आणि खाली एक मोबाईल नंबर. नोंदणीची रक्कम भरली जाते, मग ‘कोर्स’ची, मग ‘जॉइनिंग’ची. डोळ्यांची तपासणी होते सगळ्यांत शेवटी, आणि मुलाला रंगांधळेपणा आहे हे कळते तेव्हा धानाचे पैसे संपलेले असतात. या व्यवसायात माणसे फसतात ती बहुधा पायऱ्यांचा क्रम उलटा लागल्यामुळे. म्हणून या लेखात तो क्रम सुलट लावून दिला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. मर्चंट नेव्हीच्या नावात ‘नेव्ही’ आहे, पण नौदलाशी तिचा काही संबंध नाही. नौदलात भरती सरकार करते. मर्चंट नेव्ही म्हणजे माल वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवरची नोकरी, आणि तीही कराराची. करार संपला, माणूस जहाजावरून उतरला, की खलाशाचा पगार सहसा थांबतो. सरकारी पेन्शन नाही. भारतीय खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने स्थापन झालेला नाविक भविष्यनिर्वाह निधी आहे, पण पोलीस भरतीसारखी आयुष्यभराची हमी इथे शोधू नये. गडचिरोली जिल्ह्यातली शेकडो मुले पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावतात. त्यांच्या अंगात जहाजावरच्या कामाला लागणारा दम आधीच आहे. समजून घ्यायची ती नोकरीची जात.

जहाजावर कामाचे दोन मोठे विभाग असतात. वर डेक, खाली इंजिन. डेकवरचा खलाशी पहारा देतो, सुकाणू धरतो, बंदरात जहाज बांधण्याचे जाड दोर हाताळतो, गंज खरवडतो, रंग लावतो, मालाच्या झाकणांची आणि जीवनरक्षक होड्यांची देखभाल करतो. यातल्या माणसांना मराठीत जुनी नावे आहेत: सारंग, टंडेल, सुकाणी. ब्रिटिश काळात पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकची माणसे प्रामुख्याने रत्नागिरीच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून जात, आणि त्यांच्यावर हुकमत सारंगाची असे. आजच्या जहाजावर सारंगाला बोसन म्हणतात, कसलेल्या खलाशाला एबी, नवख्याला ओएस. पण किनाऱ्याचा तो जुना मक्ता आता उरलेला नाही. उत्तर प्रदेश, बिहार, उत्तराखंड अशा समुद्र न पाहिलेल्या मुलखांतली मुले आज मोठ्या संख्येने खलाशी होतात. तेव्हा झाडीपट्टीतल्या मुलाने समुद्र लांब आहे म्हणून मागे सरायचे कारण नाही. कुरखेड्याच्या सती नदीचे पाणीही वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागरालाच मिळते. गंमत म्हणजे २०१६ च्या कायद्याने देशातले जे १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्या यादीत वैनगंगा-प्राणहिताही आहे. अर्थात, त्या पाण्यात आज तरी ढिवरांचे डोंगेच दिसतात.

आता पहिली पायरी. ती डोळ्यांची, आणि जवळपास फुकटची.

डेकच्या माणसाला चष्म्याशिवाय दूरचे जवळजवळ ६/६ दिसावे लागते. रंगांची ओळख तर बिनचूकच हवी. तिथे सवलत नाही, औषध नाही, ओळखीपाळखीही चालत नाही. रंगांधळेपणा पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि गंमत अशी की ज्याला तो असतो त्याला बहुधा त्याचा पत्ताच नसतो. मोहाची फुले, पळसाची फुले, पिकलेले धान असे सगळे तो वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो. आपल्याला दिसते ते इतरांपेक्षा वेगळे आहे, हे त्याला कळणार कसे? ठिपक्यांच्या चकतीत दडलेला आकडा वाचायची ती साधी चाचणी असते. इशिहाराच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी कोणत्याही नेत्रचिकित्सकाकडे पाच मिनिटांत होते. ती आधी करावी. पुढे प्रवेशाच्या वेळी नौवहन महानिदेशालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून रीतसर वैद्यकीय तपासणी करून घ्यावीच लागते, आणि शेवटचा शब्द त्याच डॉक्टरचा असतो. मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर आहे. हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते, मग पुन्हा तपासणी.

गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांसाठी या पायरीला आणखी एक जोड आहे, जी मुंबईतल्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ती म्हणजे सिकलसेल. या जंगलपट्ट्यातल्या अनेक समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. नुसता वाहक असणे आणि प्रत्यक्ष रुग्ण असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; पण आपण नेमके कोण, हे माहीत नसणे सर्वांत वाईट. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले, तो थंडीत भिजला, त्याला अतिश्रम झाले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जहाजावरचे काम म्हणजे नेमके हेच सगळे. त्यात मालवाहू जहाजावर सहसा डॉक्टर नसतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर निघणाऱ्या जहाजालाच डॉक्टर सक्तीचा आहे, आणि मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसे असतात. किनारा आठ दिवस लांब असताना झटका आला तर रेडिओवरून मिळणारा सल्ला आणि औषधांची पेटी, एवढाच आधार. म्हणून सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि अहवालाची प्रत जपून ठेवावी. वाहक असल्यास तसे मान्यताप्राप्त डॉक्टरला न लपवता सांगावे. रुग्ण असल्यास ही वाट सोडावी. पैसे आणि जीव दोन्ही वाचतील.

दुसरी पायरी दहावीच्या गुणपत्रिकेची. खलाशी होण्याचा सरळ मार्ग म्हणजे जनरल पर्पज रेटिंग नावाचा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम. सगळे त्याला जीपी रेटिंग म्हणतात. विज्ञान, गणित आणि इंग्रजी हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण, एकूण किमान ४० टक्के गुण, आणि इंग्रजीत दहावी किंवा बारावीला ४० टक्के, ही त्याची मूळ अट. वय साडेसतरा ते पंचवीस. बारावी झालेल्यांना आणि आयटीआय केलेल्यांनाही दार उघडे आहे, पण इंग्रजीच्या ४० टक्क्यांतून सुटका कुणालाच नाही. राखीव प्रवर्गासाठी सवलत किती आणि कुठे, हे त्या-त्या वर्षीच्या प्रवेश सूचनेत वाचावे. दलालाच्या तोंडून ऐकू नये.

इंग्रजीत पस्तीस गुण मिळवून सुटलेला मुलगा इथे अडतो, आणि कुरखेडा, कोरची, धानोरा भागात अशी मुले थोडीथोडकी नाहीत. घरात गोंडी किंवा छत्तीसगढी, गावात झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. इंग्रजी ही त्यांची चौथी भाषा. तरीही घाबरण्यासारखे फार नाही. जहाजावरची इंग्रजी ही कादंबरीची इंग्रजी नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवर वापरायच्या ठरावीक वाक्यांचा संचच मंजूर केला आहे. सुकाणू धरलेल्या खलाशाला अधिकारी ‘पोर्ट फाइव्ह’ म्हणाला, की खलाशाने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे, सुकाणू डावीकडे पाच अंशांवर नेऊन थांबवायचे आणि झाल्याचे पुन्हा सांगायचे. ‘मिडशिप्स’ म्हटले की सुकाणू मधोमध. ‘स्टेडी ॲज शी गोज’ म्हटले की त्या क्षणी जहाजाचे नाक जिकडे आहे तिकडेच धरून ठेवायचे. असे काहीशे शब्द तोंडात बसले की काम चालते. टक्के कमी असतील तर बारावीला इंग्रजीवर मेहनत घेऊन ४० च्या वर जावे. ते जाहिरातवाल्याला पैसे देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

गुणपत्रिका हातात असतानाच कागद जुळवायला बसावे. आधारवर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसऱ्याच प्रकारे, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आढळतो. गावात तो खपून जातो. जहाजाच्या धंद्यात मात्र पासपोर्ट हा सगळ्या कागदांचा बाप. पुढची प्रत्येक नोंद त्याच्यावरच्या नावाने आणि जन्मतारखेने होते, आणि परदेशी बंदरातला अधिकारी एका अक्षराच्या फरकावरूनही अडवतो. म्हणून आधी दुरुस्त्या, मग पासपोर्टचा अर्ज. गडचिरोली जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पोलीस पडताळणीला वेळ जातो, तेव्हा दहावीचा निकाल लागताच अर्ज करणे शहाणपणाचे. अनुसूचित जमातीच्या मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचे कामही त्याच वर्षी हाती घ्यावे. सवलत असली तरी कागद नसला की ती कागदावरच राहते.

इतके झाले, की मग संस्था निवडायची.

महाराष्ट्राला याबाबत जुना वारसा आहे. रायगड जिल्ह्यात न्हावा येथे टी. एस. रहमान ही प्रशिक्षण संस्था १९१० पासून आहे. गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला नुसी मेरीटाईम अकॅडमी आहे. ती खलाशांच्या जुन्या संघटनेने, नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियाने उभी केलेली. कधीकाळी सरकारची स्वतःची भद्रा, मेखला आणि नौलक्षी ही जहाजे खलाशी घडवण्यासाठी अनुक्रमे कोलकाता, विशाखापट्टणम आणि गुजरातच्या नवलखीला होती. आज बहुतेक प्रशिक्षण खासगी संस्थांकडे गेले आहे, आणि चांगल्या-वाईटाची निवड मुलाच्या आणि पालकांच्या गळ्यात पडली आहे.

ही निवड करताना माहितीपत्रकावरचे जहाजाचे चित्र पाहू नये. आधी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव शोधावे. नुसते संस्थेचे नाव पुरत नाही. जीपी रेटिंग या नेमक्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का आणि किती जागांना आहे, हेही पाहावे. काही संस्था एका छोट्या अभ्यासक्रमाची मान्यता दाखवून दुसऱ्याच गोष्टीचे पैसे घेतात. मग संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारावा: गेल्या दोन तुकड्यांतली किती मुले प्रत्यक्ष जहाजावर चढली, आणि कोणत्या कंपन्यांच्या? चांगली संस्था आकडा सांगते, जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायला देते. वाईट संस्था ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ असे म्हणते. ‘साहाय्य’ या शब्दात नोकरी नसते, हे ध्यानात ठेवावे. या सगळ्या मार्गावरचा खरा अडथळा परीक्षा नव्हे, पहिले जहाज मिळणे हा आहे. प्रशिक्षण पूर्ण करून वर्षानुवर्षे घरी बसलेली मुले महाराष्ट्रातही भरपूर आहेत. एखाद्या जहाज कंपनीने आधीच निवडून पाठवलेला, म्हणजे प्रायोजित उमेदवार म्हणून प्रवेश मिळत असेल, तर तो सर्वांत सुरक्षित.

सहा महिन्यांत काय शिकवतात? दोरांच्या गाठी, सुकाणू, नांगर, रंगकाम, यंत्रशाळेतली प्राथमिक हत्यारे, कवायत, पोहणे. त्यातच आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक जहाजीला सक्तीची केलेली मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणे येतात: समुद्रात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी, आणि जहाजाच्या सुरक्षेची कर्तव्ये. हा करार १९७८ चा. एसटीसीडब्ल्यू या नावाने तो ओळखला जातो, आणि २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठे बदल झाले. १ जानेवारी २०२६ पासून सामाजिक जबाबदारीच्या भागात छळ आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचे शिक्षणही सक्तीचे झाले आहे. लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणे, उलटलेला रबरी तराफा पाण्यातच सरळ करणे, धुराने भरलेल्या खोलीत चाचपडत शिरून माणूस बाहेर काढणे, हे सगळे अंगाने करावे लागते. सतीच्या डोहात पोहायला शिकलेल्या मुलाला यातले पहिले दोन जड जाणार नाहीत. शेवटी देशभर एकच निर्गम परीक्षा होते. ती उत्तीर्ण झाल्यावर अभ्यासक्रम पुरा.

दरम्यान तीन अक्षरजोड्या कानावर पडत राहतात आणि त्यांच्यावरूनच सर्वाधिक फसवणूक होते. इंडॉस हा भारतीय नाविकाच्या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक. आधारसारखा, जन्मभर एकच. सीडीसी हे नाविकाचे सेवापुस्तक. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, याची नोंद त्यात होते. ते दहा वर्षे चालते आणि मुंबई, कोलकाता, चेन्नई येथील शिपिंग मास्टरांच्या कार्यालयांकडून ऑनलाइन अर्जावर मिळते. तिसरे बीएसआयडी, म्हणजे चेहऱ्याची जैविक ओळख असलेले नाविकाचे ओळखपत्र. यातले एकही नोकरी नव्हे. ‘सीडीसी काढून देतो, मग जहाज नक्की’ असे म्हणणारा माणूस रेशनकार्ड दाखवून धान्य नक्की मिळेल असे सांगणाऱ्यासारखा आहे. कार्ड खरे असते, दुकानात धान्य असेलच असे नाही. काही दलाल तर दुसऱ्याच एखाद्या छोट्या देशाचे सीडीसी विकतात. परदेशी शिक्का पाहून घरचे भारावतात. चांगली कंपनी मात्र तसल्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नाही.

आता पैशांचा मुद्दा. संस्थेची फी लाखांत जाते. ती वैध खर्चात मोडते, पण पावती घेऊन आणि संस्थेच्या बँक खात्यातच भरावी. आदिवासी कुटुंबांनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, हा अभ्यासक्रम कर्जाच्या किंवा साहाय्याच्या योजनेत बसतो का, हे लेखी अर्ज करून विचारावे. तोंडी उत्तरावर शेत गहाण टाकू नये.

नोकरी मिळवून देण्यासाठी पैसे घेणे मात्र साफ बेकायदेशीर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार खलाशाने स्वतःच्या खिशातून द्यायचे ते फक्त वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तक आणि पासपोर्टचे पैसे. व्हिसाचा खर्च मालकाचा, प्रवासाचा मालकाचा, परतीचाही मालकाचा. नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे महानिदेशालयाचा परवाना असावा लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याला क्रमांक असतो आणि चालू परवान्यांची यादी सर्वांना पाहता येते. एजन्सीचे कार्यालय झकपक आहे, भिंतीवर नांगर टांगला आहे, याला काडीचा अर्थ नाही. नवी मुंबई पोलिसांकडे अशा झकपक कार्यालयांविरुद्ध फसवणुकीचे गुन्हे वारंवार नोंदले गेले आहेत. खलाशी भरतीतली दलाली ही काही आजची नाही. ब्रिटिश काळात कलकत्त्याला ‘घाट सारंग’ नावाचे दलाल खलाशांच्या पगारातून हिस्सा कापत. आज तो हिस्सा मोबाईलवरून आगाऊ मागितला जातो, एवढाच बदल.

फसवणुकीचा याहून भयंकर प्रकार म्हणजे जहाज मिळते, पण मालकच पळून जातो. पगार नाही, अन्न संपत आलेले, जहाज परक्या बंदराबाहेर अडकलेले. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये अशा ३१२ जहाजांवर ३,१३३ जहाजी बेवारस सोडले गेले. त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. यात अडकलेल्यांपैकी अनेकजण विनापरवाना दलालामार्फत, पर्यटन व्हिसावर, कुठल्याशा आखाती बंदरात जाऊन जहाजावर चढलेले असतात. सरकारी नोंदीत ते कुठेच नसल्यामुळे त्यांना सोडवायलाही महिने लागतात. म्हणून चढण्यापूर्वी तीन गोष्टी घरच्यांकडे लिहून ठेवाव्यात: जहाजाचे नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, एजन्सीचा परवाना क्रमांक, आणि सही झालेल्या कराराची प्रत. जहाजाचे नाव बदलता येते, झेंडा बदलता येतो; आयएमओ क्रमांक मात्र त्याच्याबरोबर जन्मभर राहतो.

जहाजावर चढल्यावर नवख्याच्या वाट्याला येते ती हातोडी. गंज खरवडणे हे डेकवरचे न संपणारे काम आहे; एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा गंजलेले असते. त्याचबरोबर ब्रिजवर पहारे सुरू होतात, चार तास काम आणि आठ तास सुट्टी या फेऱ्याने. नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी; तिची नोंद ठेवली जाते आणि सही करण्यापूर्वी ती वाचावी. एसटीसीडब्ल्यूच्या नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेल्याला समुद्रावरच्या किमान दोन महिन्यांच्या, तर इतरांना सहा महिन्यांच्या अनुभवानंतर नौकानयन पहाऱ्याच्या प्रमाणपत्राची पात्रता येते. भारतात प्रत्यक्ष किती सेवा मोजतात हे त्या वेळच्या आदेशात पाहावे. त्यानंतर डेकवर आणखी १८ महिने, किंवा ठरावीक प्रशिक्षण केल्यास १२ महिने काढले, की एबीचे प्रमाणपत्र घेता येते. बोसन हे प्रमाणपत्राचे नव्हे, अनुभवाचे पद. तेलाच्या जहाजावर जायचे तर टँकरचे वेगळे प्रशिक्षण लागते, आणि जीव वाचवण्याची व आग विझवण्याची प्रशिक्षणे दर पाच वर्षांनी उजळावी लागतात.

पगाराबद्दल थोडक्यात. एबीसाठी जागतिक स्तरावर ठरलेले किमान मूळ वेतन २०२५ मध्ये महिना ६७३ डॉलर होते. जादा काम आणि रजेचे पैसे त्यावर. शिकाऊ खलाशाला याहून बरेच कमी मिळते. जाहिरातीतला लाखाचा आकडा पहिल्या करारात दिसत नाही.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के मिळवणाऱ्याने मात्र खलाशी होण्याची घाई करू नये. त्याच्यासाठी अधिकाऱ्याची वाट आहे. चेन्नईला मुख्यालय असलेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मग एक वर्षाची नॉटिकल सायन्सची पदविका किंवा तीन वर्षांची पदवी. याच परंपरेतली मुंबईची ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका १९२७ ची; पुढे तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून नवी मुंबईच्या ‘चाणक्य’ने. खलाशी होऊन समुद्रावर ३६ महिने काढल्यावरही अधिकाऱ्याच्या परीक्षेचा रस्ता नियमात आहे. लांबचा आणि खडतर, पण बंद नाही.

मुलींनी हे पान उलटू नये. जून २०१५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याबाहेर खवळलेल्या समुद्रात एका मोडक्या होडीवरच्या सात मच्छीमारांना ‘संपूर्ण स्वराज्य’ या भारतीय टँकरने वाचवले. त्या टँकरच्या कप्तान राधिका मेनन होत्या, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. डेकवरच्या खलाशांमध्ये मुली अजून फार थोड्या आहेत. कंपनी निवडताना जहाजावर आधीपासून स्त्रिया आहेत का आणि तक्रारीची सोय काय, हे विचारायला संकोच करू नये.

घरचे विचारतात, “समुद्रावर जासीन त घरी कवा येसीन?” याचे उत्तर खरे द्यावे. खलाशाचा करार बहुधा नऊ महिन्यांचा, एखादा महिना मागेपुढे. सलग बारा महिने ठेवता येत नाही, असा नियम आहे. त्या काळात रोवणी निघून जाईल, दिवाळीनंतरची मंडई आणि रात्रभराची नाटके निघून जातील, घरात मयत झाली तरी बहुधा येता येणार नाही. ज्याला हे आधी मान्य आहे त्यानेच पुढे जावे.

जायचे ठरलेच, तर वडसा स्टेशन जवळ आहे. तिथून गोंदिया, आणि गोंदियाहून मुंबईला विदर्भ एक्सप्रेस. पण तिकिटाआधी, आणि जाहिरातीतल्या नंबरला फोन करण्याआधी, मुलाने येत्या बाजाराच्या दिवशी कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रंगांची ओळख आणि सिकलसेल यांच्या तपासण्यांची चौकशी करावी, आणि येताना शाळेतून दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आधारशी ताडून यावे.